भौतिकोपचाराचें शिक्षण : घराजवळ कीं परगांवीं?

बारावीच्या परीक्षेचा निकाल लागला आणि वैद्यकीय शाखांच्या प्रवेशपरीक्षेचे गुण हातीं आले, म्हणजे पांढरपेशा घरांतून एक निराळाच हंगाम सुरू होतो. जेवणाच्या पानावर, शेजाऱ्यांच्या ओटीवर, लग्नाकार्याच्या पंगतींत एकच विषय निघतो : मुलगा काय घेणार, मुलगी कोठें जाणार? डॉक्टरकीची जागा थोडक्यांत हुकलेलीं, किंवा मुळांतच रुग्णाच्या अधिक निकट राहण्याचें काम पसंत करणारीं, अशीं पुष्कळ मुलें अलीकडे भौतिकोपचाराकडे, म्हणजे सर्वांच्या तोंडीं असलेल्या फिजिओथेरपीकडे, वळतात. कोणतें शिक्षण घ्यावयाचें हें एकदां ठरलें कीं दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो पहिल्यापेक्षां कांहीं कमी अवघड नसतो. घरापासून तासाभराच्या वाटेवर एक विद्यालय आहे; दुसरें दोन-तीनशें किलोमीटरांवर आहे. कोणतें पत्करावें?

या प्रश्नाचें उत्तर बहुधा भावनेच्या भरांत दिलें जातें. एक पक्ष म्हणतो, 'घरचें अन्न, घरचें छप्पर, मूल डोळ्यांसमोर. बाहेर काय ठेवलें आहे?' दुसरा म्हणतो, 'घरकोंबडें राहून कोण मोठें झालें? जग पाहूं द्या.' दोन्ही पक्षांत थोडें थोडें सत्य आहे. परंतु दोघांच्याहि बोलण्यांत भौतिकोपचार हा शब्द कोठेंच येत नाहीं. हाच युक्तिवाद वकिलीस लागू पडतो, स्थापत्यास लागू पडतो आणि बँकेंतील नोकरीसहि लागू पडतो. वस्तुतः या विशिष्ट विद्येचें स्वरूप काय आहे हें आधीं ध्यानांत घेतलें, तर जवळ आणि दूर या शब्दांचा अर्थच थोडा पालटतो.

भौतिकोपचार ही प्रथमतः हातांची विद्या आहे. औषधाची बाटली किंवा शस्त्रक्रियेची सुरी हीं तिचीं साधनें नव्हेत. मोडलेलें हाड जुळून आल्यावर आखडलेला सांधा मोकळा करणें, पक्षाघातानें निर्जीव झालेल्या हातांत पुन्हां हालचाल जागविणें, शस्त्रक्रियेनंतर छातींत सांचलेला कफ सुटावा म्हणून श्वासाचे व्यायाम करविणें, जन्माच्या सुमारास मेंदूस इजा झालेल्या मुलास मान धरावयास आणि बसावयास शिकविणें, हीं तिचीं नित्याचीं कामें. पुस्तकांतून तीं समजतात. पण अंगीं येतात तीं रुग्णाच्या अंगास हात लावूनच. स्नायूंचें बळ शून्यापासून पांचापर्यंतच्या श्रेणींत मोजण्याची रीत प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. अवयव स्वतःचा भार पेलून वर उचलला गेला तर तीन. त्यावर हातानें थोडा दाब देऊनहि तो टिकला तर चार. वहींत हें दोन ओळींत मावतें. परंतु तो दाब किती द्यावयाचा, आणि रुग्ण खरोखर थकला आहे कीं नुसता भ्याला आहे, हें तळहातास कळावें लागतें. आणि तें कळण्यासाठीं शेंकडों माणसांचे हातपाय त्या तळहाताखालून जावे लागतात.

या विद्येचा इतिहासहि हेंच सांगतो. स्वीडनमध्यें पेर हेन्रिक लिंग यानें १८१३ सालीं स्टॉकहोम येथें व्यायामविद्येची राजमान्य संस्था काढली, आणि हालचालींतून शरीर सुधारण्याच्या कल्पनेस शास्त्राचें रूप येऊं लागलें. इंग्लंडांत १८९४ सालीं चार परिचारिकांनीं एकत्र येऊन मर्दनविद्या शिकलेल्या स्त्रियांची एक संस्था स्थापिली. तीच पुढें त्या देशांतील भौतिकोपचारकांची सनदी संस्था झाली. पहिल्या महायुद्धांतील जायबंदी सैनिकांनीं या विद्येची गरज जगास पटवून दिली. भारतांत तिच्या शिक्षणाचा पाया मुंबईस घातला गेला, आणि त्याच्या मुळाशीं पोलिओचा रोग होता. पाय लुळे पडलेलीं मुलें रुग्णालयांत येत होतीं, आणि गेलेलें बळ परत आणील असें औषध कोणापाशींच नव्हतें. १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत भौतिकोपचाराचें विद्यालय उभें राहिलें, आणि १९५५ सालीं हाजीअलीजवळ अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था निघाली. जेथें रुग्ण होते तेथें विद्यालय गेलें. विद्यालय आधीं आणि रुग्ण मागाहून, असा प्रकार तेव्हां नव्हता. पुढें लसीच्या बळावर २०१४ च्या मार्च महिन्यांत भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. परंतु तोंवर पक्षाघात, अपघात, गुडघेदुखी आणि हृदयविकार यांनीं या विद्येस दुसरें काम पुरेपूर देऊन ठेविलें होतें.

त्याच परळच्या रुग्णालयांतील आणखी एक हकीगत या विषयाशीं फार निकट आहे. भौतिकोपचाराची जणूं सख्खी बहीण म्हणजे व्यवसायोपचार. हातापायांचें किंवा मनाचें बळ गमावलेल्या माणसास जेवणें, कपडे घालणें, लिहिणें, चरितार्थाचें काम करणें, हीं नित्याचीं कर्में पुन्हां करावयास शिकविणारी ही विद्या. तिचें शिक्षण या देशांत कोठेंच मिळत नव्हतें. जन्मानें अमेरिकन आणि विवाहानें महाराष्ट्रीय झालेल्या कमलाबाई निंबकर यांनीं तें अमेरिकेंत घेतलें, आणि १९५० सालीं के. ई. एम. रुग्णालयांत व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. त्यांच्यामागून आलेल्या मुलींना त्यासाठीं समुद्र ओलांडावा लागला नाहीं. दूर जाण्याचें खरें समर्थन यांत आहे. जें जवळ नाहीं तें घेण्यासाठीं दूर जावें; जें जवळ आहे तेंच घेण्यासाठीं दूर जाण्यांत फारसें हशील नाहीं. आज मुंबई, पुणें आणि नागपूर येथेंच नव्हे, तर कराड, लोणी, सावंगी यांसारख्या ठिकाणींहि या विषयाचीं विद्यालयें चालत आहेत. तेव्हां घराजवळ काय नाहीं, हें नीट पाहिल्यावांचून परगांवचें तिकीट काढूं नये.

मग पाहावयाचें तें काय? विद्यालयाची इमारत, प्रवेशद्वारावरची कमान आणि माहितीपुस्तिकेवरील रंगीत चित्रें हीं पाहून कांहीं कळत नाहीं. विजेवर चालणाऱ्या नव्या यंत्रांची रांग पाहूनहि फारसें कळत नाहीं. कारण तीं यंत्रें चालविण्यास थोडे दिवस पुरतात, हात तयार होण्यास वर्षें लागतात. पाहावयाचें तें विद्यालयास जोडलेलें रुग्णालय. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठाच्या पदवीस अनेक वर्षें चार वर्षांचें अध्ययन आणि त्यानंतर सहा महिन्यांची आंतरवासिता, असा क्रम होता. २०२१ च्या केंद्रीय कायद्यान्वयें नेमलेल्या राष्ट्रीय आयोगानें २०२५ सालीं जो अभ्यासक्रम जाहीर केला, त्यांत आंतरवासितेचें पूर्ण वर्ष धरून एकंदर पांच वर्षें सांगितलीं आहेत. म्हणजे काळाचा ओघहि रुग्णाच्या खाटेजवळचा वेळ वाढविण्याकडेच आहे. पहिल्या वर्षीं शरीररचना आणि शरीरक्रिया, पुढें शरीराच्या हालचालींचें यंत्रशास्त्र, व्यायामोपचार व विद्युदुपचार, आणि शेवटीं अस्थिसंधि, मज्जासंस्था, हृदय व फुप्फुसें आणि समाजांतील पुनर्वसन, अशी ही चढण आहे. पहिल्या पायऱ्या कोठेंहि चढतां येतात. शेवटच्या पायऱ्यांसाठीं मात्र मोठें आणि गजबजलेलें रुग्णालय लागतें.

रुग्णालयारुग्णालयांतहि भेद असतो. केवळ अस्थिरोगांच्या रुग्णालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यास गुडघा व खुबा बदललेले रुग्ण इतके पाहावयास मिळतात, कीं त्या एका विषयांत तो लवकर तरबेज होतो. परंतु अतिदक्षता विभागांतील बेशुद्ध माणसाच्या छातीचा उपचार त्याच्या वाट्यास कदाचित् थोडाच येईल. महानगरांतील सार्वजनिक रुग्णालयांत भाजलेले, अपघातांत सांपडलेले, पक्षाघाताचे आणि अर्भकावस्थेंतील, असे सर्व प्रकारचे रुग्ण येतात. पण गर्दी इतकी, कीं एकेकापाशीं दहा मिनिटें थांबावयासहि सवड मिळत नाहीं. ग्रामीण भागांतील रुग्णालयांत शेतकऱ्याची कंबर आणि ऊसतोडणीच्या मजुराचा खांदा भेटतो. तेथें विद्यार्थ्यास रुग्णाच्या घरापर्यंत जाऊन, चुलीची उंची आणि शौचकूपाचा उंबरठा पाहून, उपचार ठरवितां येतो. पलंगावर करून दाखविलेला व्यायाम ज्या घरांत पलंगच नाहीं तेथें निरुपयोगी ठरतो, हा धडा शहरांत सहसा मिळत नाहीं. यांपैकीं कोणतेंहि रुग्णालय सर्वस्वीं श्रेष्ठ नाहीं. विद्यार्थ्यास पुढें काय करावयाचें आहे, आणि जें येथें मिळणार नाहीं तें तो पुढें कोठें भरून काढणार आहे, यावर निवड अवलंबून ठेवावी.

यापुढचा मुद्दा सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, आणि तो भाषेचा आहे. शस्त्रवैद्य रुग्णास भूल देऊन आपलें काम करूं शकतो. भौतिकोपचारकास जागत्या माणसाकडून काम करवून घ्यावयाचें असतें, आणि तें शब्दांनींच करवावें लागतें. 'गुडघा वाकवा' एवढें म्हणून भागत नाहीं. भ्यालेल्या म्हातारीस धीर द्यावा लागतो, कंटाळलेल्या मुलास खेळांत गुंतवावें लागतें, आणि घरीं व्यायाम केला नाहीं हें न रागावतां काढून घ्यावें लागतें. मेंदूच्या डाव्या बाजूस इजा झाली म्हणजे शरीराची उजवी बाजू लुळी पडते, आणि पुष्कळदां तिच्याबरोबर वाचाहि जाते. अशा माणसाच्या तोंडून अर्धा शब्द आला तरी तो ओळखावयास त्याची घरगुती भाषा कानांत मुरलेली असावी लागते. महाराष्ट्रांतील विद्यार्थी कर्नाटकांत किंवा तमिळनाडूंत गेला, तर पहिलीं दोन वर्षें त्यास कांहीं अडत नाहीं. व्याख्यानें इंग्रजींत असतात, पुस्तकें इंग्रजींत असतात. रुग्णांत पाऊल टाकतांच मात्र त्यास दुभाष्याची गरज पडते, आणि दुभाष्याच्या मार्फत धीर देतां येत नाहीं. जो विद्यार्थी तेथील भाषा मनापासून शिकावयास तयार असेल, त्यानें खुशाल जावें. त्यास दोन विद्या एकदम मिळतील. ज्यास ती तयारी नसेल, त्यानें आपल्या भाषेच्या प्रदेशांतच राहणें हिताचें. उलट बाजूहि आहे. कोंकणांतली मुलगी नागपुरास गेली किंवा वऱ्हाडांतला मुलगा मुंबईस आला, तर एकाच मराठीचीं अनेक रूपें कानांवर पडतात, आणि मुंबईंत हिंदी व गुजराती यांचाहि सराव होतो. हा लाभ लहान नव्हे.

आतां अंतराचा विचार. अंतर किलोमीटरांत मोजण्याची संवय आहे. तें तासांत मोजावें. कल्याणला राहणाऱ्या मुलास परळचें विद्यालय घराजवळचेंच वाटतें. कल्याणपासून दादरपर्यंत लोहमार्गानें सुमारें ४५ किलोमीटर. पण घरापासून स्थानक, गाडीची वाट, गाडींतील गर्दी आणि पुढें रुग्णालयापर्यंतची पायपीट धरली, तर जाण्यास दीड तास आणि येण्यास दीड तास सहज लागतो. वर्षाकाठीं कामाचे अडीचशें दिवस धरले तर हे ७५० तास झाले. चार वर्षांत ३,००० तास. एवढ्या तासांत काय झालें नसतें! आणि हे तास उभ्यानें, एका हातानें कडी धरून काढलेले असतात. दिवसभर रुग्णास उचलावें, वळवावें, आधार द्यावा, असें ज्याचें काम त्याचें स्वतःचेंच अंग संध्याकाळीं मोडून येतें. याच्या उलट दोनशें किलोमीटरांवरील गांवीं वसतिगृहापासून रुग्णालय हांकेच्या अंतरावर असेल, तर तो विद्यार्थी सकाळीं ताजा उठून कामावर जातो, आणि सायंकाळीं एखादा अवघड रुग्ण पुन्हां पाहावयासहि जाऊं शकतो. या हिशेबानें घरून जाणारा दूर राहतो आणि परगांवीं गेलेला जवळ.

पैशाच्या बाबतींतहि असाच भ्रम असतो. जवळचें तें स्वस्त, असें गृहीत धरून पुष्कळ घरें निर्णय घेतात. परंतु शासकीय आणि महापालिकेच्या विद्यालयांतील शुल्क व खाजगी विद्यालयांतील शुल्क यांत मोठी तफावत असते. ती तफावत वसतिगृह, खाणावळ व प्रवास यांच्या खर्चाहून अधिक भरूं शकते. राज्यांतील खाजगी विनाअनुदानित विद्यालयांचें शुल्क शुल्क नियामक प्राधिकरणाकडून ठरतें. तें पाहूनच आंकडा धरावा, कोणाच्या सांगण्यावरून धरूं नये. अभिमत विद्यापीठांचा हिशेब निराळा असतो. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून राज्य शासनानें वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्काची व परीक्षाशुल्काची पूर्ण सवलत दिली. पण ती शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेनें मिळालेल्या जागेसच, आणि अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठांस ती लागू नाहीं. परगांवीं राहून शिकणाऱ्यांसाठीं डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, स्वाधार व स्वयं अशा योजना आहेत. तेव्हां एका कागदावर दोन रकाने पाडावे, आणि पहिल्या वर्षाचा नव्हे, तर आंतरवासितेपर्यंतचा संपूर्ण खर्च त्यांत मांडावा. पुष्कळदां तो कागद पाहून घरांतील मोठीं माणसें स्तब्ध होतात.

आणि तरीहि सर्व कागदावर मांडतां येत नाहीं. एक घर डोळ्यांपुढें आणावें. पश्चिम महाराष्ट्रांतील एक जिल्ह्याचें गांव. वडील बँकेंत, आई गृहिणी, आणि दोन वर्षांपूर्वीं पक्षाघात झालेले आजोबा. त्यांस समांतर दांड्यांच्या मधून पहिलें पाऊल टाकतांना नातीनें पाहिलें, आणि त्या दिवशींच तिनें आपला मार्ग ठरविला. आतां तिला मुंबईच्या एका सार्वजनिक विद्यालयांत जागा मिळण्याजोगे गुण आहेत. घरापासून पन्नास किलोमीटरांवर खाजगी विद्यालयहि आहे. वडील म्हणतात, मुंबईचा खर्च झेपणार नाहीं. आई म्हणते, मुंबईची हवा तिला मानवणार नाहीं. वस्तुतः हिशेब केला तर मुंबईचाच खर्च कमी निघतो, आणि मुलीची प्रकृति उत्तम आहे. मग अडचण कोठें आहे? ती अशी, कीं सकाळीं आजोबांस उठविणें, पायांत बूट चढविणें, डाव्या हातांत काठी देऊन अंगणांत फिरविणें, हें सारें ती मुलगी करते. ती गेली तर हें कोण करणार, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनांत आहे आणि एकाच्याहि ओठांवर नाहीं. मुलगीहि बोलत नाहीं. कारण बोललें तर आपणच आजोबांस टाकून चाललों असें होईल, अशी तिला भीति वाटते.

अशा घरांत पहिलें कर्तव्य म्हणजे खरें कारण उच्चारणें. कारण उच्चारलें गेलें कीं त्यावर उपाय शोधतां येतो. खर्चाच्या आणि हवेच्या आडोशास तें लपून राहिलें तर मुलीस कायमची रुखरुख लागते आणि आईबापांस कायमचें ओझें. शुल्कांतील जी बचत होते तिच्या कांहीं भागांत सकाळ-संध्याकाळ मदतीस माणूस ठेवतां येईल कीं काय, हें पाहावें. वडिलांनीं कार्यालयांत जाण्यापूर्वीं अर्धा तास आजोबांबरोबर चालावें, हेंहि कांहीं अशक्य नाहीं. जाण्यापूर्वीं मुलीनेंच त्या दोघांस रीत शिकवून ठेवावी : काठी कोणत्या हातांत, मागून आधार कोठें, आणि आधार केव्हां काढून घ्यावयाचा. एवढें करूनहि घरीं दुसरें कोणीच नसेल, आईची प्रकृति ढासळलेली असेल, किंवा रात्रीं-अपरात्रीं धांवून यावयास माणूस नसेल, तर जवळचें विद्यालय घेणें हा पराभव नव्हे. तेथेंहि शिक्षक आहेत, रुग्ण आहेत, आणि पदवीनंतरच्या विशेष शिक्षणासाठीं पुढें दूर जातांच येतें. भेद एवढाच, कीं तो निर्णय सर्वांनीं उघडपणें घेतलेला असावा, मुलीवर न बोलतां लादलेला नसावा.

मुलांच्या बाबतींत याच्या उलट चूक होते. पुण्यांतील एखाद्या मुलास घरापासून वीस मिनिटांवर उत्तम रुग्णालय असलेल्या विद्यालयांत जागा मिळते. परंतु मित्र परप्रांतांत चालले म्हणून, किंवा दूरच्या नांवाचा दरारा वाटतो म्हणून, तो तिकडे ओढ घेतो. त्यास एवढेंच विचारावें, कीं जें तेथें आहे आणि येथें नाहीं असें काय? त्याला उत्तर देतां आलें, तर जाऊं द्यावें. कटकजवळ ओलटपूर येथें, कोलकात्यास आणि दिल्लीस केंद्र शासनाच्या राष्ट्रीय संस्था आहेत. त्या दिव्यांगांच्या पुनर्वसनासाठींच निघाल्यामुळें कृत्रिम अवयव, व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांचें काम तेथें एका छपराखालीं पाहावयास मिळतें. पाय गमावलेल्या माणसास नव्या पायावर चालविण्याची ज्यास ओढ आहे, त्यानें तेथें जाणें सयुक्तिकच होय. ज्यास उत्तर देतां येत नाहीं, त्यास स्वातंत्र्य हवें आहे, विद्यालय नव्हे. स्वातंत्र्याची इच्छाहि गैर नाहीं. पण तिची किंमत शिक्षणाच्या खात्यावर मांडूं नये. शहरांतल्या शहरांत वसतिगृहांत राहूनहि ती बरीचशी पुरी होते.

परराज्यांत जाण्यापूर्वीं एक व्यवहाराची गोष्ट विसरूं नये. महाराष्ट्रांत हा व्यवसाय करावयाचा तर २००२ च्या कायद्यानें निर्माण झालेल्या राज्य परिषदेच्या नोंदवहींत नांव दाखल असावें लागत आलें आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानें त्यावर देशव्यापी चौकट घातली. जी पदवी घ्यावयाची ती नोंदणीस मान्य आहे ना, याची लेखी खात्री प्रवेशापूर्वीं करून घ्यावी, पदवीदानानंतर नव्हे. ज्यांचें लक्ष परदेशाकडे आहे त्यांनींहि हें ध्यानांत ठेवावें, कीं ब्रिटनमध्यें तेथील आरोग्यव्यवसाय परिषदेची नोंदणी लागते, आणि अमेरिकेंत या व्यवसायाची प्रवेशपदवी आतां डॉक्टरेटच्या दर्जाची झाली आहे. त्या वाटेनें जाणाऱ्याच्या पदवींत रुग्णालयांतील कामाचे तास किती आणि कोणत्या विभागांत झाले, याची सविस्तर नोंद मागितली जाते. जें विद्यालय अशी नोंद व्यवस्थित ठेवतें, तें जवळचें असो वा दूरचें, अधिक विश्वासाचें.

प्रत्यक्ष पाहणीवांचून निर्णय करूं नये. सुटीच्या दिवशीं नव्हे, कामाच्या दिवशीं सकाळीं दहाच्या सुमारास जावें आणि भौतिकोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागांतील बांकावर तासभर शांतपणें बसावें. रुग्ण किती येतात, विद्यार्थी रुग्णास हात लावतात कीं भिंतीशीं उभे राहून पाहतात, शिक्षक खाटेजवळ येतात कीं कार्यालयांत बसतात, हें त्या एका तासांत कळतें. मग अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांस गांठावें. एका शिक्षकामागें किती मुलें असतात, अतिदक्षता विभागांत प्रवेश मिळतो कीं नाहीं, शवविच्छेदन प्रत्यक्ष पाहावयास मिळतें कीं नुसत्या प्रतिकृति दाखवितात, वसतिगृहांत आजारी पडल्यास विचारपूस कोण करतें, हें त्यांस विचारावें. प्राचार्य जें सांगतात तें खोटें असतें असें नाहीं. पण विद्यार्थी जें सांगतात तें रोजचें असतें.

ही सर्व चौकशी जागा मिळाल्यानंतर करावयाची नसते. महाराष्ट्रांत राष्ट्रीय प्रवेशपरीक्षेच्या गुणांवरून जागांचें वाटप फेऱ्याफेऱ्यांनीं होतें, आणि विद्यार्थ्यानें भरलेल्या पसंतिक्रमावर तें चालतें. जागा जाहीर झाल्यावर ती घ्यावयाची, कीं पुढील फेरीची वाट पाहावयाची, हें ठरवावयास हातीं मोजके दिवस असतात, आणि त्या दिवसांत घरांत शांतपणें बोलावयास कोणासच सवड नसते. खरा निर्णय पसंतिक्रमाचा तक्ता भरतांनाच झालेला असतो. म्हणून निकालापूर्वींच्या मोकळ्या आठवड्यांत दोन-तीन रुग्णालयें पाहून यावीं, हिशेबाचा कागद करावा, आणि घरांतील न बोललेली गोष्ट बोलून टाकावी.

भौतिकोपचारकाच्या कामाचें एक वैशिष्ट्य असें, कीं तो स्वतःची गरज संपविण्यासाठीं झटत असतो. पहिल्या दिवशीं तो रुग्णास दोन्ही हातांनीं धरतो. पुढें एका हातानें. मग नुसता शेजारून चालतो, आणि शेवटीं दाराशीं उभा राहून पाहतो. आधार लवकर काढला तर रुग्ण पडतो. उशिरां काढला तर त्यास आधाराचीच संवय जडते. आधार केव्हां सैल करावयाचा, हें ओळखणें हेंच त्या विद्येंतील सर्वांत अवघड काम होय. ज्या घरांतून मुलगा किंवा मुलगी ही विद्या शिकावयास निघते, त्या घरांतील वडील माणसांसहि नेमकें तेंच ओळखावयाचें असतें. घराजवळ ठेवलें तरी हात सैल करतां येतो, आणि दूर पाठविलें तरी दाराशीं उभें राहून पाहतां येतें.